ओसरीवरचा निवाडा

अण्णा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा महिन्याला एक पत्र यायचं, त्यात आईचा दमा, आंब्याचा मोहोर आणि शेवटी ‘देवाचं करत जा’ एवढंच असायचं, आणि मीही तेवढंच लिहायची. आज लिहायला बसले आहे ती मागल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर. कागद गुळगुळीत आहे, शाई पसरते, पण एक बाजू कोरी असलेलं पान टाकून द्यायला अजून माझा हात धजत नाही. ही सवय तुमचीच. दुपारचे अडीच वाजले आहेत. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या आहेत. इथे परदेशी, क्लेमेंटी नावाच्या वस्तीतला हा आमचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे, खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या बांबूवर वाळत घातलेले कपडे दिसतात आणि खालून बसचा आवाज येतो. हे बोटीवर चीफ इंजिनिअर आहेत, चार महिने समुद्रावर नि दोन महिने घरी, सध्या समुद्रावर. लेक पाचला शाळेतून येईल. तोवर लिहून व्हायला हवं.

सुरुवात लेकीच्या इतिहासापासून झाली. तिला शाळेत एक प्रकल्प करायचा होता. हॉलमध्ये जमिनीवर मोठा पुठ्ठा पसरलेला, त्यावर अमेरिकेचा नकाशा, अर्धा निळ्या रंगात, अर्धा करड्या. मला म्हणाली, “आई, तुझं हँडरायटिंग छान आहे, हेडिंग तू लिही ना.” मी मॅट्रिक झालेली बाई, इंग्रजी अक्षरं चित्र काढावं तशी काढते, पण सुबक काढते. मांडी घालून बसले आणि लिहिता लिहिता विचारलं, “कशाबद्दल आहे गं हे?” तिने अर्धं इंग्रजीत नि अर्धं मराठीत सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहिते. आपल्याकडे सत्तावनचं बंड झालं त्याच वर्षीची गोष्ट. तिकडे काही प्रांतांत माणसांना गुलाम म्हणून ठेवता यायचं, काही प्रांतांत ते कायद्याने बंद होतं. एका गुलामाला त्याचा मालक स्वतःबरोबर अशाच एका मोकळ्या प्रांतात घेऊन गेला. तिथे तो काही वर्षं राहिला, तिथेच त्याचं लग्न झालं. मग त्याला परत आणलं. परत आल्यावर त्याने कोर्टात अर्ज केला, की मी मोकळ्या मुलखात राहून आलो आहे, मी आता कोणाचा नाही, माझा मी आहे. खालच्या कोर्टातून वरच्या, तिथून आणखी वरच्या, दहा-अकरा वर्षं खटला चालला.

“मग? निकाल काय लागला?”

“हरला. पण आई, हरला ते इम्पॉर्टंट नाही,” लेक रंगाची पेन्सिल कानावर अडकवत म्हणाली. “जज म्हणाले, तू सिटिझनच नाहीस, म्हणून तू कोर्टात येऊच शकत नाहीस. म्हणजे त्याला विचारायला पण अलाउड नाही. सो मीन, लाह.” इथली सगळी पोरं वाक्याच्या शेवटी असं ‘लाह’ लावतात.

माझ्या हातातला मार्कर तिथेच थांबला. तिला वाटलं अक्षर चुकलं. म्हणाली, “काय झालं? स्पेलिंग बरोबर आहे.” मी म्हटलं, “पुढे सांग.” तिने सांगितलं की ते न्यायाधीश वयोवृद्ध, विद्वान माणसं होती. देशात गुलामगिरीवरून जे भांडण चाललं होतं ते आपल्या एका निकालाने कायमचं मिटेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. झालं भलतंच. उत्तरेकडचे जे लोक तोवर या भानगडीत पडत नव्हते तेही चिडून उठले, आणि दक्षिणेकडचे म्हणू लागले, आता कायदाच आमच्या बाजूने आहे, तेव्हा बोलायचं काय उरलं? दोघांच्या मधे बसून बोलणी करायला जी थोडीफार जागा होती तीच गेली. तीन-चार वर्षांत युद्ध. भावाभावांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या. निळ्या-करड्याच्या मधली रेघ लेकीने माझ्याकडून काळ्या मार्करने दोनदा गिरवून घेतली. “डार्क कर आई, दिसली पाहिजे.” मी रेघ गिरवत होते आणि मला आपली ओसरी दिसत होती.

अण्णा, मावशी आपल्याकडे कशी आली ते मला आईने सांगितलं होतं. आईच्या लग्नात तिच्या माहेराहून पाठराखीण म्हणून एक पोर आली होती, दहा-अकरा वर्षांची, आईबाप नसलेली. पाठराखीण म्हणजे नव्या नवरीला सोबत. ती चार दिवस राहते, नवरीचं मन सासरी रमलं की तिला खण-पोलकं देऊन परत धाडतात. हिला न्यायला कोणी आलं नाही आणि पोचवायला तुमच्यापैकी कोणी गेलं नाही. चार दिवसांची वीस वर्षं झाली. पहाटे चुलीला पोतेरं घालण्यापासून संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसण्यापर्यंत, सोवळ्याचं सोडलं तर सगळ्या घरात तिचा हात. आम्ही भावंडं तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. आईच्या माहेरची म्हणून आम्ही तिला मावशी म्हणायचो, आणि कोणी पाहुण्याने विचारलं, ही कोण, तर तुम्ही म्हणायचात, “घरचीच आहे.” तुमच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटायचं. तिला पगार नव्हता कारण घरच्या माणसाला कोणी पगार देतं का? आणि आईच्या मंगळागौरीला ती पानं वाढायची, पानावर बसायची नाही, कारण ती काही आपल्यातली नव्हे. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच बाईच्या बाबतीत, इतकी वर्षं शेजारी शेजारी नांदल्या आणि कोणाला काही खटकलं नाही.

मग काकूचं बाळंतपण आलं. काका मिरजेला एका दवाखान्यात कंपाउंडर. काकूला मदत हवी म्हणून तुम्हीच मावशीला दोन महिन्यांसाठी पाठवलंत, आणि काकूची प्रकृती ढासळली म्हणून ती दोन वर्षं राहिली. काकांनी तिला दिवसा दवाखान्यात आयाचं काम मिळवून दिलं. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात चपला, आणि महिन्याच्या महिन्याला तिच्या स्वतःच्या हातात पगार. तिने एक पत्र्याची पेटी घेतली आणि पेटीला कुलूप घेतलं. ते कुलूप मला सगळ्यात जास्त आठवतं. आईचा दमा वाढला तेव्हा तुम्ही कार्ड टाकलंत, ‘ताबडतोब निघून येणे’, आणि ती आली. दारात चपला काढल्या, पण बाहेर ठेवल्या नाहीत, हातात घेऊन आत आली आणि कोनाड्यात ठेवल्या. पेटी माजघरात भिंतीला लावली. किल्ली पदराच्या टोकाला. तुम्ही जेवता जेवता पेटीकडे बघितलंत आणि म्हणालात, “आपल्या घरात कुलूप कोणासाठी?” ती हसली फक्त.

सहा महिन्यांनी आई हिंडूफिरू लागली. एके दिवशी ताक वाढताना मावशी म्हणाली, “अण्णासाहेब, मी आता मिरजेला जाते. मेट्रनबाईंनी माझी जागा ठेवलीय.”

“कोणाच्या परवानगीने?”

“परवानगी कशाला? तिथं मी माझी मी होते.”

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाहीत, तेच तर सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होतं. ताकभात संपवला, पानाभोवती पाणी फिरवलंत आणि म्हणालात, “रीतसर होऊ दे.” तुम्ही कोर्टात शिरस्तेदार. बांधाचं भांडण असो की सासूसुनेचं, लोक कोर्टाची पायरी चढायच्या आधी आपली ओसरी चढायचे, आणि तुम्ही दिलेला निवाडा दोन्हीकडचे मान लववून घेऊन जायचे. मला त्याचा केवढा अभिमान! म्हणून त्या रविवारी तुम्ही मला बोलावून “तुझं अक्षर चांगलं आहे, कामकाज तू उतरवून घे” म्हणालात, तेव्हा तेरा वर्षांची मी दौत-टाक घेऊन पाटावर बसले ते जणू न्यायमूर्तींच्या शेजारी.

पोस्टमास्तर आले आहेत, शाळेचे हेडमास्तर आले आहेत. काका सकाळच्या गाडीने आलेत, अजून तोंडावर पाणीही मारलेलं नाही. आई दाराआड. मावशी ओसरीच्या खाली, अंगणात, तुळशीवृंदावनाला टेकून उभी. पोस्टमास्तर सुपारी कातरत म्हणतात, “शिरस्तेदार, तुमच्या ओसरीवर कोर्टासारखं अर्जाला तिकीट लावावं लागत नाही ते एक बरं. नाहीतर मी आधी विकायला बसलो असतो.” सगळे हसतात. मावशीही हसते. मग काका म्हणतात, “दादा, तिला वर तरी बोलवा. तिला काय म्हणायचंय ते ऐकून घ्या.” तुम्ही चष्मा पुसता. “बैठकीत बोलायचं तर माणूस एक तर घरचा पाहिजे, नाहीतर बाहेरचा फिर्यादी पाहिजे. ही धड इकडची नाही आणि धड तिकडचीही नाही. मग ऐकून घ्यायचं कोणाचं?”

“अहो, पण वीस वर्षं घरचीच म्हणत आलो ना आपण तिला?”

“म्हणणं निराळं, बसवणं निराळं.”

मी भराभर लिहितेय. ‘मावशीचे म्हणणे असे की’ एवढं लिहिलं आणि तुम्ही वाकून पाहिलंत. सगळ्यांच्या देखत माझ्या हातातला टाक काढून घेतलात. “नातं लिहायचं नाही. खोडू नकोस, नवा कागद घे. ‘सदर बाई’ असं लिही.” कान तापले माझे. मला तुमचा बोल लागला तो अक्षर वाया गेलं म्हणून. दुसऱ्या कशासाठी नव्हे. नवा कागद घेतला आणि तुम्ही सांगत गेलात तसं लिहीत गेले. ते मला आजही तोंडपाठ आहे. ‘सदर बाई ही या घरी नोकर म्हणून राहिलेली नाही, सबब नोकरी सोडून जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ती या कुटुंबातील व्यक्ती नाही, सबब कुटुंबाच्या बैठकीत तिचे म्हणणे ऐकून घेता येत नाही. मिरजेस राहिल्याने तिच्या स्थितीत काही फरक पडलेला नाही.’ खाली तुमची सही, पोस्टमास्तरांची सही, हेडमास्तरांची सही. तुम्ही टोपी डोक्यावर नीट केलीत आणि म्हणालात, “झालं. आता यावर घरात पुन्हा चर्चा नको.”

काका उठले. आतून आईचा आवाज आला, “भावजी, पानं मांडलीत.” काका चपला घालत होते. “वहिनी, तुमच्यावर राग नाही. पण या ओसरीवर मी पुन्हा पाय ठेवणार नाही.” आई दाराबाहेर आली, तुमच्या मित्रांसमोर, पहिल्यांदाच. “आणि गणपतीला?” आपला गणपती एकच होता अण्णा. तुम्ही भाऊ कुठेही असलात तरी चतुर्थीला या घरी यायचात, एकच मूर्ती, एकच आरती. काका म्हणाले, “गणपती यंदापासून माझ्या घरी बसेल.” आणि फाटकाबाहेर पडले. तुम्ही त्यांना हाक मारली नाहीत. कोर्ट उठल्यावर कोणी हाक मारत नाही.

तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं ते मला माहीत आहे. तुम्हाला वाटलं, एकदा कागदावर आलं की धुसफूस थांबेल. वाईट हेतू नव्हता तुमचा, हे मी देवासमोर सांगेन. पण त्या वर्षी दोन गणपती बसले आणि मग सगळ्याचंच दोन झालं. मोठी आत्या आपल्याकडे, धाकटी मिरजेकडे. ज्यांना मावशीचं तोंडही आठवत नव्हतं असे लांबचे चुलते पत्रातून विचारू लागले, तुम्ही कोणत्या बाजूचे. माझ्या लग्नात काका अक्षता टाकायला आले, पंगतीला बसले नाहीत. तुमच्या दहाव्याला नदीवर आले, पाण्यात उभं राहून ढसाढसा रडले आणि तिथूनच स्टँडवर गेले. घर म्हणून काय ते राहिलंच नाही. आणि जिच्यावरून हे झालं ती मात्र तिथेच, चुलीपाशी. तिने भांडण केलं नाही, पळून गेली नाही. फक्त एक झालं. तोवर आमटीत गूळ किती घालू इथपासून माझ्या वेणीत फूल कोणतं माळायचं इथपर्यंत ती बोलायची. त्यानंतर काहीही विचारा, म्हणायची, “मला काय विचारता? घरच्यांना विचारा.” सोळा वर्षं एवढंच.

निवाड्याच्या त्याच संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या कोटाच्या खिशातलं पेन दिलंत. काळं, सोनेरी क्लिपचं. “छान उतरवलंस,” म्हणालात. दोनदा निब बदललं आहे, टोपण सैल झालं आहे, दोरा गुंडाळून घट्ट बसवते. ते फेकून नवं घ्यावं असं मला कधी वाटलं नाही. हे पत्र त्याच पेनाने लिहिते आहे.

मावशी तुमच्या आधी वर्षभर गेली. आईने पदराची किल्ली सोडवून पेटी उघडली. आत ती निळ्या काठाची साडी, इस्त्रीची घडी मोडलेली नाही. आईने तीच तिच्या अंगावर घातली. तुम्ही दारात उभे होतात, चष्मा काढून हातात धरलात. तुम्ही तेव्हा काय मनात आणलंत ते विचारायचं माझं धाडस झालं नाही. लेक सांगत होती, त्या अमेरिकेतल्या माणसाला निकालानंतर थोड्याच दिवसांत नव्या मालकाने आपण होऊन सोडून दिलं. एका हॉटेलात हमाली करायचा. मोकळा होऊन सव्वा वर्षच जगला. मी म्हटलं, “सव्वा वर्ष तरी मिळालं.” लेक माझ्याकडे बघतच राहिली.

आता जे सांगायला बसले ते सांगते. सासूबाई पडल्या, तेव्हापासून अंथरुणाला आहेत. हे बोटीवर, मी एकटी, म्हणून दोन वर्षांपूर्वी जावा बेटावरची एक बाई कामाला ठेवली. तिशीतली, बारकी, हसरी. सासूबाईंना न्हाऊ-माखू घालते, कूस बदलते, त्यांच्याशी तिच्या भाषेत बोलते आणि त्या त्यांच्या मराठीत उत्तर देतात, दोघींचं छान चालतं. आमच्या घरात मांसमच्छी नाही, तिने कधी कुरकूर केली नाही. दिवसातून पाच वेळा सासूबाईंच्या खोलीच्या कोपऱ्यात पांढरं वस्त्र पांघरून नमाज पढते, मग ते घडी करून उशीखाली ठेवते. ज्या घरात दोन्ही वेळा देवाचं नाव निघतं ते घर चांगलं, असं मी मनात म्हणायची. लेक तिला काकाक म्हणते. इथल्या मलय भाषेत मोठी बहीण. आणि तिचा पासपोर्ट माझ्या देवाच्या कपाटात, खालच्या ड्रॉवरमध्ये, कुंकवाच्या डबीखाली. इथे सगळ्याच तसं करतात, अण्णा. सेरंगूनला आमचं शनिवारचं भजन असतं, तिथे आरती झाली की प्रसाद वाटता वाटता हीच बोलणी. “पासपोर्ट हातात दिलास ना, की गेलीच म्हणून समज. सरकारकडे ठेवलेली अनामत पण जाते, माहितीये ना?” एकीने तर माझ्या गळ्यातल्या माळेला हात लावून म्हटलं होतं, “तुझा भोळेपणा देवापुरता ठेव हं, कपाटाची किल्ली कमरेला असू दे.” सगळ्या हसल्या. मीही हसले.

लेकीचा प्रकल्प शाळेत देऊन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी काकाकला तिच्या भावाचं पत्र आलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. ती पत्र हातात घेऊन दाराशी उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, “मॅम, मदर सिक. व्हेरी सिक. आय गो होम टू वीक, कॅन?” तव्यावरची पोळी फुगत होती. मी तिच्याकडे न बघताच बोलले. अगदी मायेने बोलले. तू काही नोकर आहेस का, तू तर घरचीच आहेस, आजींना तुझ्याशिवाय कोण बघणार, हे आले की मग बघू, असं माझ्या मोडक्या इंग्रजीत. ती म्हणाली, “ओके मॅम,” आणि गेली. पोळी जळली होती. ती कधी जळली मला कळलं नाही.

लेक हॉलमध्ये होती. आत आली, फ्रीज उघडला, बंद केला. “आई, तिचा पासपोर्ट तुझ्याकडे का?”

“तुझाही माझ्याकडेच आहे. बाबांचा जुना पण आहे. सगळ्यांचे एका जागी असतात.”

“मी मागितला तर देशील ना?”

“तुझी गोष्ट निराळी आहे.”

“हाऊ कम निराळी? आत्ता तर फॅमिली म्हणालीस तिला.” मग माझ्याकडे बघत, हळूच, चिडून नव्हे: “सेम सेम लाह, आई. तू पण सेम सेम.”

तिला मावशी माहीत नाही, ओसरी माहीत नाही. मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती तिच्या पुठ्ठ्यावरच्या न्यायाधीशाबद्दल बोलत होती. ‘निराळी’ हा शब्द मात्र माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघाला होता, तोच हळू, समजुतीचा आवाज. त्यानंतरचे दोन दिवस आमचं घर कसं होतं सांगू? लेक माझ्याशी बोलेना. जेवायचं ताट घेऊन सासूबाईंच्या खोलीत काकाकशेजारी जाऊन बसायची. हॉलमध्ये मी एकटी. आतून दोघींचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू यायचं आणि मी गेले की थांबायचं. तीन खोल्यांचं घर, त्यात एक रेघ पडली होती, आणि ती कोणाच्या हाताने गिरवली ते मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर ड्रॉवर उघडला, पासपोर्ट काढला आणि तिला हाक मारली. लेक शाळेचा गणवेश घालून सोफ्यावर बुटाचे बंद बांधत होती. मी पासपोर्ट पुढे केला. काकाकने हात पुढे केलेच नाहीत. आधी ओले हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, तोंड उतरलं. म्हणाली, “मॅम, आय डू राँग? सॉरी मॅम. मॅम सेंड मी बॅक?” इथे मालकिणीने पासपोर्ट हातात दिला तर त्याचा अर्थ एकच, तुला काढून टाकलं. दुसरा अर्थ असू शकतो हे तिला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, “नो, नो. गो, सी मदर. देन कम.” तरी तिला खरं वाटेना, तिने लेकीकडे बघितलं. लेकीने मान हलवली तेव्हा तिने तो घेतला, दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तसा. आणि उघडून स्वतःचा फोटो बघत राहिली. दोन वर्षांत तिने तो पाहिला नव्हता.

पंधरा दिवसांची म्हणून गेली. फेरीबोटीने पलीकडच्या बाताम बेटावर, तिथून पुढे मोठ्या बोटीने. आज एकोणिसावा दिवस. पत्र नाही, फोन नाही. भजनाला मागच्या शनिवारी गेले नाही, या शनिवारीही जाणार नाही. काय बोलतील ते मला पाठ आहे. सासूबाईंना मी एकटी उचलते, कंबर धरते. त्या रोज विचारतात, “ती कुठाय गं? तिचे हात मऊ आहेत.” संध्याकाळी दिवा लावताना मी तिच्या आईसाठी हात जोडते. दोन वर्षांत तिच्या आईचं नाव विचारलं नव्हतं, म्हणून नुसतं ‘तिची आई’ म्हणते. देवाला कळत असेल. ती येईल की नाही मला सांगता येत नाही. आईजवळ राहावंसं वाटलं तर राहील, तिची ती आहे. हे वाक्य लिहायला किती सोपं आहे, अण्णा, आणि प्रत्येक वेळी लिफ्टचं दार वाजलं की मी उठून दाराच्या ग्रिलपाशी जाते. लेक मला आता रागावत नाही. काल शेजारी बसून तिने सासूबाईंचे पाय चेपले आणि मला म्हणाली, “यू डिड द राइट थिंग, आई.” मी मान फिरवली. तिला वाटलं मी लाजले.

तुमचा न्याय करायला मी बसलेली नाही. तो अधिकार मुलीचा नव्हे, आणि ज्या कागदावर तुमची सही आहे त्यावरचं अक्षर माझं आहे. पाच वाजत आले. हे पत्र कोणत्या पेटीत टाकू? पत्ता घालायला पानावर जागाही ठेवलेली नाही.

एक राहिलं. त्या दिवशी पूजा झाल्यावर मी लगेच तिला हाक मारली असं वर लिहिलं आहे, ते तसं नाही. पूजा झाल्यावर मी आधी पासपोर्ट पदराखाली घेऊन खाली उतरले, कोपऱ्यावरच्या दुकानातून फोटोच्या पानाची झेरॉक्स काढून आणली, आणि मग वर येऊन हाक मारली. लेकीला हे माहीत नाही. ती झेरॉक्स अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे, कुंकवाच्या डबीखाली. आज सकाळी फाडायला म्हणून काढली होती, आणि परत ठेवली. हे पत्र तिच्यावरच ठेवते आहे.